टाकीचं खरं झालं

रासायनिक प्रक्रिया आरेखन, असं आमच्या एम.टेक.चं भारदस्त मराठी नाव आहे. ते कोणी उच्चारत नाही. आम्ही 'प्रोसेस डिझाइन' म्हणतो आणि भडगावला आमच्या घरी त्याला 'मोहिनीचं फॅक्टरीचं' म्हणतात. जळगावला राहून मी नेमकं काय शिकते हे आईला, म्हणजे ताईबाईला, मला नीट कधी सांगता आलं नाही. पाइप केवढा हवा, पंप किती ताकदीचा, कोणतं भांडं किती तापवायचं, एवढं सांगितलं की ती म्हणायची, म्हणजे स्वयंपाकच की. मीही हो म्हणून मोकळी व्हायचे. दुसऱ्या सत्रात मात्र एक विषय असा आला की तो घरी सांगण्यासारखा नव्हता.

त्याला हॅझॉप म्हणतात. कारखान्याचा नकाशा टेबलावर पसरायचा, एकेका पाइपवर बोट ठेवायचं आणि विचारायचं: यातून जास्त आलं तर? कमी आलं तर? काहीच आलं नाही तर? उलटं फिरलं तर? मग प्रत्येक उत्तरापुढे लिहायचं, की त्यामुळे काय फुटेल, काय पेटेल आणि कोण मरेल. माझे गाईड कौतिक सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "बाकीचे विषय कारखाना उभा करायला शिकवतात, हा मोडायला शिकवतो. मनात रोज मोडत जा, म्हणजे खरोखर मोडायचा नाही." मला तो विषय फार आवडला. माझं तोंड मुळातच फटकळ. 'शुभ बोल रे नाऱ्या' हे लहानपणापासून आमच्या घरात माझ्याच वाट्याला आलेलं. आता अशुभ बोलायचे मार्क मिळणार होते.

प्रोजेक्टला खराखुरा कारखाना लागतो, आणि माझ्या मामाचा नेमका तेव्हाच उभा राहत होता. धुळ्याच्या पुढे, सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून. सरकीचं कच्चं तेल आणायचं, शुद्ध करायचं आणि टँकर भरून पाठवायचं. गिरधरमामाने सगळं आयुष्य कापसात घालवलेलं. ही रिफायनरी त्याने योगराजसाठी काढली होती. योगराज त्याचा एकुलता एक. माझ्याहून वर्षाने लहान, धुळ्याला बी.एस्सी. केलेला, सतत हसणारा. मला सख्खा भाऊ नाही. राखी मी त्यालाच बांधते, आणि भांडायलाही मला तोच लागतो.

काम सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना नव्या शेडमध्ये बसवून हॅझॉप घ्यायला गेले. मामा, योगराज, आणि बॉयलर-पंप बघणारा लखन. लखन सातपुड्याच्या पायथ्याचा, शिरपूरकडचा. एका गिरणीत बॉयलरवर काम केलेला, शांत माणूस.

"लखन, बॉयलरचं पाणी बंद पडलं तर?"

"नाही पडत ताई."

"पण पडलं तर?"

लखनने मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "काहाले पडी? नवी मोटर शे."

तासभर हेच चाललं. तेल जास्त तापलं तर? नाही तापत. झडप अडकली तर? देवाच्या कृपेने नाही अडकत. शेवटी मामा उठलाच. "मोहिनी, तू मुहूर्ताआधी हाई काय बोली राह्यनी? शिकी उनी ते चांगलं शे, पण घरमा असं बोलू नको, बेटा." योगराज तोंडावर रुमाल धरून हसत होता. मामा गेल्यावर त्याने मला युक्ती सांगितली. "ताई, तू उलटं विचार. पाणी चांगलं चालू राहावं म्हणून काय काय करावं? बघ कसे बोलतात." आणि खरंच, तसं विचारल्यावर लखनसुद्धा भरभरून बोलला. माझा तक्ता चांगल्या बाजूने भरत गेला. 'परिणाम' हा रकाना तेवढा मी रिकामा ठेवला आणि जळगावला हॉस्टेलवर बसून इंग्रजीत भरला. कोणत्या चुकीने किती माणसं दगावतील ते इंग्रजीत लिहिताना मला काही म्हणता काही वाटलं नाही. तेच आमच्या बोलीत मामापुढे म्हणायचं तर जीभ टाळ्याला चिकटली असती.

मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, धरला होता. आखाजीला आमच्याकडे कोणी पंचांग उघडत नाही, अख्खा दिवसच चांगला. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आई आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मी सकाळच्या गाडीने जळगावहून निघाले, धुळ्याला गाडी बदलली आणि कारखान्यावर पोचले. फाटकातून आत शिरतानाच मला टाकी दिसली आणि टाकीच्या डोक्यावर लाल गाठोडं दिसलं.

टाकी जुनी होती. जामनेरकडची एक तेलाची गिरणी बंद पडली, तिथून मामाने ती उचलली होती. दोन मजली घराएवढी उंच, गोल, आणि अंगाने पातळ पत्र्याची. अशा टाकीच्या माथ्यावर छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला एक पाइप असतो. बघणाऱ्याला तो बिनकामाचा वाटतो, कारण त्यातून तेल जात नाही की येत नाही. त्यातून हवा जाते आणि येते. तेल भरताना आतली हवा तिथून बाहेर पडते, तेल उपसताना बाहेरची हवा तिथून आत शिरते. टाकीचं नाकच म्हणा. माझ्या मामीने, इंदिराबाईने, कारखान्यात सगळ्यात उंच काय आहे ते विचारून घेतलं होतं आणि दृष्ट लागू नये म्हणून नारळ, बिब्बा, मीठ-मोहरी लाल फडक्यात घालून ते गाठोडं नेमकं त्या नाकावर बांधून घेतलं होतं. दोन दिवस अवकाळीचं आभाळ होतं, म्हणून वरून युरियाच्या गोणीतली प्लॅस्टिकची पिशवी चढवून बांधकामाच्या तारेने गच्च आवळलं होतं. आमच्या घरात कोणतंही काम कच्चं करत नाहीत.

मी पिशवी खांद्यावरून न काढताच योगराजला गाठलं. "ते गाठोडं आधी काढ. नाक बंद केलंय तुम्ही टाकीचं."

"संध्याकाळी काढतो."

"टँकर तर आत्ता यातलंच तेल उपसून भरणार आहात."

"एकच टँकर गं, मुहूर्ताचा. ताई, आईने उपास धरून बांधलंय ते. आज हात लावला तर ती जेवायची नाही."

मामीला सांगून पाहिलं. ती बायकांना हळदीकुंकू लावत होती, नव्या लुगड्यात, आनंदाने चेहरा फुललेला. मी तिला तेलाच्या डब्याचं उदाहरण दिलं. डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, एक तेलाला आणि एक वाऱ्याला; एकच पाडलं तर तेल धड येत नाही आणि डब्याचं पोट आत जातं. मामीला ते कळलं, असं मला तिच्या डोळ्यांत दिसलं. पण ती म्हणाली, "तो डबा शे. हाई इतली मोठी टाकी. आजना दिन तरी चांगलं बोल, माय." आणि मला कुंकू लावलं.

राहिला मामा. तो पाहुण्यांच्या घोळक्यात होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"मामा, गाठोडं काढल्याशिवाय पंप लावू नका. टाकी चेपेल."

"लोखंडनी टाकी शे ती. एवढासा फडकानी तिले काय व्हई?"

"मोठं नुकसान होईल, मामा."

"व्हऊ दे नुकसान. भरी काढसूत." त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि तो पाहुण्यांकडे गेला.

मी नुकसान म्हटलं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, दुसरा कोणता शब्द काढणार होते? नुकसान म्हटलं की मामाला पैसे दिसतात, आणि पैशांना तो कधी भ्यालेला नाही. टाकी चेपली तर चेपो, असं मीही मनाशी म्हटलं आणि मांडवात जाऊन आईशेजारी बसले. तेवढ्यात टाकीच्या शिडीवरून वर चढणारा योगराज दिसला. एका हातात नारळ, कमरेला कोयता, खिशात हळदीकुंकवाची पुडी. पंप सुरू होईल त्याच घडीला गाठोड्याची पूजा करायची, असं मामीने ठरवलं होतं.

टाकीचं छत पातळ पत्र्याचं, नावापुरतं होतं. पोट आत गेलं की पहिलं तेच दुमडणार, आणि त्यावरचा माणूस पत्र्यासकट खाली तेलात. माझ्या तक्त्यात ही ओळ होती. एक माणूस, असं मी लिहिलं होतं. तो माणूस आता छतावर पोचून चप्पल काढत होता.

मी उठले. लखनचा हात स्विचवर होता. मामाने मान हलवली, पंपाचा आवाज सुरू झाला, भटजींचा आवाज चढला. मी धावत मांडवाच्या मध्यावर गेले आणि जितकं मोठं ओरडता येईल तितकं ओरडले, इंग्रजीत नाही की पुस्तकी मराठीत नाही.

"मामा, पंप बंद करा. टाकी चेपाई जाई अन् योगराज मरी जाई."

भटजी थांबले. बायका थांबल्या. मामी दोन पावलांत माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो आवाज आणि टाकीचा आवाज बहुधा एकदमच झाला, कारण मला आधी वाटलं की माझ्याच कानात काहीतरी फुटलं. टाकीचं पोट दाराएवढं आत गेलं होतं. लखनने घाबरून स्विच पाडला. वर योगराज गुडघ्यांवर पडला होता, छत त्याच्याखाली वाटीसारखं खोल झालं होतं, नारळ घरंगळत मधोमध गेला होता. मी ओरडत होते, "प्लॅस्टिक काप, प्लॅस्टिक काप." त्याने सरपटत जाऊन कोयत्याने पिशवी चिरली. आणि मग टाकीने श्वास घेतला.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. लांब, बारीक, आत ओढल्यासारखी फुस्स. लाल फडकं त्या पाइपात अर्धं खेचलं गेलं. किती वेळ चाललं कोण जाणे. मग पत्रा दणक्यात बाहेर आला, जवळजवळ पहिल्यासारखा, फक्त एक वळी कायमची राहिली. योगराज शिडीवरून अनवाणीच उतरला आणि तो हसत होता. "ताईने वाचवलं राव," तो सगळ्यांना सांगत होता.

मला वाटलं, आता मामी मला जवळ घेईल. गालावर तिची बोटं उठली होती, पण मला त्याचा राग नव्हता. पोरगं सुखरूप खाली आलं, झालं. मी मामीकडे पाहिलं. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. आजूबाजूच्या बायकाही तिथेच बघत होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "बोलनी अन् लगेच व्हयनं."

त्या दिवशी मी मांडे आणि आमरस ताटात तसेच ठेवले. आम्ही दुपारीच भडगावला निघालो. निघताना मी पाया पडायला वाकले तेव्हा मामीने पाय मागे घेतले.

काळी जीभ असं आमच्याकडे म्हणतात. ज्याचं वाईट बोलणं खरं होतं तो काळ्या जिभेचा. लहानपणी मला कोणी म्हणायचं तेव्हा मी आरशात जीभ काढून बघायचे आणि हसायचे. आता कोणी तोंडावर म्हणत नव्हतं, त्यामुळे हसताही येत नव्हतं. आईला मात्र तिच्या भावजयीचा फोन आला. आईने तो मला जसाच्या तसा सांगितला, कारण तिला पोटात ठेवता येत नाही. मामी म्हणाली होती, "तुनी पोर दोन गोष्टी बोलनी. टाकीनं खरं व्हयनं. आते दुसरं बाकी शे."

मी आईवर भडकले. विज्ञान, हवेचा दाब, डब्याची भोकं, सगळं पुन्हा सांगितलं. मी बोलले म्हणून टाकी चेपली नाही, चेपणार होती म्हणून बोलले. आई ऐकून घेत होती. "मला कळतं गं," ती म्हणाली, "पण तू दोन्ही एका दमात बोललीस ना."

कौतिक सरांना तर माझा अभिमान वाटला. त्यांनी वर्गात टाकीची गोष्ट सांगितली आणि मला जामनेरच्या एका डाळमिलमध्ये हॅझॉप घ्यायला पाठवलं. मिलचे मालक माझ्याबद्दल ऐकून होते. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, मशिनं दाखवली, आणि मी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडताच हात जोडले. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं ते लिहून द्या. इथे बोलू नका." मला इतका संताप आला की मी लिहूनही दिलं नाही. ती चूकच झाली, त्यांच्या मशिनच्या फिरत्या पट्ट्याला संरक्षक जाळी नव्हती.

योगराज आठवड्याला फोन करायचा. सुरुवातीला त्याला सगळ्याची गंमत वाटत होती. त्याच्या आईने मोटरसायकलची चावी लपवली. आईने त्याचं विहिरीवर जाणं बंद केलं. आई धुळ्याला जाताना बरोबर येते, गाडीत पुढे बसते, ड्रायव्हरला हळू म्हणते. "ताई, मी सव्वीस वर्षांचा घोडा, आई माझा हात धरून हायवे ओलांडते," असं म्हणून तो खो-खो हसायचा. सगळ्या घरात तो एकटाच माझ्या बाजूने होता, आणि तेवढं मला पुरेसं होतं. पावसाळ्यात त्याला ताप आला. साधा फ्लू. त्या आठवड्यात मामीने अन्नाला हात लावला नाही आणि योगराजने फोन केला नाही. बरा झाल्यावर केला, तेव्हा गंमत कमी आणि चौकशी जास्त होती. "ताई, तेव्हा वर मी होतो म्हणून तू माझं नाव घेतलंस ना? दुसरा कोणी असता तर त्याचं घेतलं असतंस?" मी म्हटलं, अर्थात. तो म्हणाला, हां, तेच. मग त्याने फोन ठेवला. रक्षाबंधनाला मी राखी पोस्टाने पाठवली.

दिवाळीनंतर सरकीचा हंगाम जोरात सुरू झाला. माझी तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि बॉयलरचे आकडे अपुरे होते. कौतिक सर म्हणाले, स्वतः जाऊन घे. मी योगराजला फोन केला. तो 'ये' म्हणाला, पण एक क्षण थांबून म्हणाला. मामीला सांगितलं नव्हतं, हे मला पोचल्यावर कळलं.

कारखाना जोरात चालला होता. टाकीवरचा वाकडा पाइप उघडा होता. एवढं एक माझ्या बोलण्याने झालं होतं. योगराज वाळला होता. त्याने मला बॉयलरपाशी नेलं. पऱ्हाटीचा पांढरा कोळसा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा भुसा दाबून केलेल्या कांड्या, धडधडत होता, लखन घामाने निथळत भट्टीत कांड्या टाकत होता. मी दाबाचा काटा वाचायला वर पाहिलं. काटा लाल रेघ ओलांडून गेला होता. मी सेफ्टी व्हॉल्व्ह शोधला. दाब ठरल्यापेक्षा वाढला की ही झडप आपोआप उघडते, फुस्स करून जादा वाफ सोडते आणि बॉयलर वाचतो. ती उघडलेली नव्हती. तिच्यावर एक लोखंडी पट्टी आडवी टाकून दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेली होती.

"हे कोणी केलं?"

"मीच सांगितलं," योगराज म्हणाला. "हंगामात सारखी उघडते ती. आणि तो आवाज आईला ऐकवत नाही. त्या दिवशी टाकीचा जसा आला ना, तसाच येतो. एकदा ती इथेच बेशुद्ध पडली. लखन काट्यावर लक्ष ठेवतो म्हणाला, म्हणून तात्पुरतं आवळलं." तो माझ्याकडे बघत होता. "चालेल ना, ताई? काय होईल?"

मी उत्तर द्यायला वळले, तर त्याच्या मागे, शेडच्या दारात, मामी उभी होती. हातात त्याचा जेवणाचा डबा. तिने डबा जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात जोडले. आखाजीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"काहीच नको बोलू, माय. तुना पाय पडस."

मला सांगायला लाज वाटते, पण मी गप्प राहिले. एम.टेक.चं दुसरं वर्ष, हवेचा दाब, वाफेचे तक्ते, सगळं पाठ असलेली मी, आणि मला भीती वाटली. बॉयलरची नाही. माझ्या बोलण्याची. न बोलता काही करता येईल का, असं मी खरोखर शोधू लागले. लखनला खुणेने बाहेर काढावं, पान्याने पट्टी काढावी. दाबावर असलेल्या बॉयलरच्या पट्टीला पाना लावणं म्हणजे मरणाला बोलावणं. काटा आणखी एक केसभर सरकला. योगराज माझ्या तोंडाकडे बघत होता.

"योगराज," मी म्हटलं, "हा आत्ता फुटेल. इथे जो उभा असेल तो मरेल. तू उभा आहेस."

योगराज हसला नाही. त्याने लखनला भट्टीतला विस्तव ओढायला सांगितला, आम्हाला दोघींना बाहेर ढकललं आणि वाफ आकाशात सोडणाऱ्या हाताच्या झडपेचं चाक तो स्वतः फिरवू लागला. मी बाहेरून ओरडत होते, हळू, हळू फिरव. मग वाफ सुटली. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी मान वळवून बघावं इतका मोठा आवाज, आणि पांढऱ्या ढगात शेड दिसेनाशी झाली. मामीने माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती. मी सेकंद मोजत नव्हते, प्रार्थनाही करत नव्हते, फक्त त्या ढगातून माणूस बाहेर येण्याची वाट बघत होते.

आवाज उतरत गेला. लखन खोकत बाहेर आला. त्याच्यामागून योगराज आला, काजळीने माखलेला, हात भाजून निखाऱ्यासारखे लाल झालेले, पण धडधाकट. "काटा खाली आला," तो म्हणाला. "पट्टी गार झाल्यावर काढतो." मी तिथेच भिंतीला टेकले. मला रडू येत होतं, आनंदाने.

मामीने माझा दंड सोडला. ती रागावलेली नव्हती. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "आते दोनदा बोलनी तू."

मग ती खाली मातीत बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिने सूर लावला. आमच्याकडे माणूस गेल्यावर बायका लावतात तो. "मना योगराज रे, मना वाघ रे, मनं घर उजाडी गयं रे." योगराज तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, मी हा बघ. आई, इकडे बघ." तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्याच्या गालावरची काजळी अंगठ्याने पुसली आणि सूर तसाच चालू ठेवला.

तो सूर ऐकून मजुरांच्या खोल्यांकडून बायका धावत आल्या. पुढे मोतीबाई होती, पोती शिवायला येणारी. तिने मामीला पाहिलं, घाबरून मला विचारलं, "कोण गेलं, ताई?"

मी सांगायला तोंड उघडलं. कोणीही नाही गेलं, सगळे आहेत, हा बघा योगराज.

"ताई," योगराज म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि त्याचा भाजलेला हात मला थांबवायला उचललेला होता. "तू नको बोलू आता."